तो का नाही आला?

माझी आई निगडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. मीही त्याच शाळेत होतो. 2011 साली, मी आठवीत असताना, शाळेचा जर्मनीतल्या एका शाळेशी एक्स्चेंज कार्यक्रम ठरला. दोनच वर्षांपूर्वी चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला होता. जर्मन शिकलास तर नोकरी पक्की, असं आमच्याकडे जो तो सांगायचा. आधी तिकडची बारा मुलं दहा दिवस आमच्या घरी राहणार, मग आमची बारा तिकडे. यादी आईकडे होती.

माझ्या एका वर्गमित्रानं पाहुण्यासाठी नाव दिलं. तो तळवड्याला चाळीत दोन खोल्यांत राहायचा. वडील चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कंत्राटी कामगार. तिथं जर्मन मुलगा कसा ठेवणार, असं बाकीचे शिक्षक म्हणाले. आईलाही धास्ती होतीच. मग एके सकाळी त्याचे वडील नाइट शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच शाळेत आले. "मॅडम, कॉट आहे. संडास घरात आहे. आमचं पोरगं खाली झोपेल." आईनं नाव ठेवलं.

सगळ्यात जास्त रमला तो तळवड्याचाच पाहुणा. बाकीच्यांना आम्ही पास्ता खाऊ घातला आणि मॉल दाखवला. हा नळाला पाणी आलं की बादल्या भरायचा, बोळात क्रिकेट खेळायचा. जाताना रडला.

परतीच्या फेरीचा खर्च तिकीट, व्हिसा, विमा धरून माणशी 70 हजार. त्या वडिलांचा पगार महिना 7 हजार. आईनं शाळेत दोनदा विचारून पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. रिकाम्या जागी मी गेलो. पैसे वेळेवर भरले म्हणून, असं आई म्हणायची. ते खरंच होतं. मी तिचा मुलगा होतो, हेही खरं होतं.

वोल्फ्सबुर्ग हे 1938 साली मोटारींच्या कारखान्यासाठी वसवलेलं शहर. कालव्याच्या काठावर वीजकेंद्राच्या चार चिमण्या. आईनं आम्हाला कालव्यापाशी उभं करून पिंपरीत 1954 साली आलेला पेनिसिलिनचा कारखाना आणि त्यामागून वाढलेलं आपलं शहर समजावून सांगितलं. तिचा इतका चांगला तास मी वर्गात कधी ऐकला नव्हता.

मला त्याच पाहुण्याचं घर मिळालं. शाळेनं फक्त बदललेलं नाव कळवलं होतं. त्याच्या आईनं राईच्या पिठाच्या भाकरीसारखं काहीतरी करून ठेवलं होतं. तिनं आईला विचारलं, तो का नाही आला?

"त्याला कावीळ झालीय," आई म्हणाली.

निघताना त्या घरातल्या सगळ्यांनी सह्या केलेलं एक कार्ड आईच्या हातात दिलं. लवकर बरा हो, असं त्यावर लिहिलं होतं. आईनं ते त्याला दिलं नाही. देणार कसं?

2020 च्या डिसेंबरमध्ये परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. 10 लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बातमी बघताना आई एवढंच म्हणाली, "वाटून घ्यायचं आपल्याला सुचलंच नाही रे." मी हिशोब केला. 70 हजार अकरा घरांत वाटले असते तर घरटी साडेसहा हजारसुद्धा आले नसते. एका मॉलच्या फेरीत आम्ही किती उडवले होते, ते मला आठवत होतं.

गेल्या वर्षी आई निवृत्त झाली. कपाट आवरताना ॲटलासमधून ते कार्ड निघालं. आता माझा वर्गमित्र चाकणला क्वालिटीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. आई म्हणाली, चल. चहा झाल्यावर तिनं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं सह्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाला, "मॅडम, पैसे नव्हते असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी आमचं घर बघितलंच होतं की."

आई काही बोलली नाही. त्यानं कार्ड फ्रिजवर लावलं.