गाभ 'धरतो' म्हणजे नेमकं काय होतं



आमचं शेत कंधार-अहमदपूरच्या शिवेवर. दावणीला एक लाल कंधारी गाय हाय. औंदा ती तीनदा उलटली. गावातले म्हणाले, "वांझ हाय, माळेगावच्या यात्रेत विकून टाक." मीबी जवळजवळ ठरवलंच होतं.

माझा पुतण्या उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकतो. सुट्टीला आला तेव्हा त्यानं माझी वही मागितली. मी तारखा लिहून ठेवतो. 12 एप्रिलला भरवली, 3 मेला परत माजावर. मग 23 मेला. त्यानंतर मात्र 26 जूनला.

तो म्हणाला, "काका, पहिल्या दोन वेळी 21 आणि 20 दिवस. तिसऱ्या वेळी 34. मधला माज तुमच्या नजरेतून सुटला असता तर 42 च्या आसपास आली असती. म्हणजे बहुधा गाभ राहिला होता, पण टिकला नाही. गाय वांझ नाही."

मग त्यानं डुकरिणीचं सांगितलं. मी हसलो. पण ह्या विषयाचा अभ्यास डुकरात लई झालाय म्हणे. डुकरिणीचा माजबी 21 दिवसांनीच येतो. गर्भ पिशवीत आला की लगेच चिकटत नाही, मोकळाच फिरतो. पिशवीच्या अस्तरावर म्युसिन नावाचा बुळबुळीत थर असतो, तो चिकटू देत नाही. 11-12 व्या दिवशी गर्भ स्वतःच इस्ट्रोजेन सोडून आईला कळवतो की मी आलोय. तवर प्रोजेस्टेरॉनमुळं तो थर कमी झालेला असतो आणि खालची इंटिग्रिन नावाची प्रथिनं उघडी पडतात. गर्भाच्या अंगावरबी तसलीच असतात. दोघांच्या मधी ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिन दुवा होतं. मला कळलं ते असं: दोन्हीकडं कोयंडे, मधी कडी. 13-14 व्या दिवसापासून गर्भ असा धरायला लागतो.

आपण 'गाभ धरला' म्हणतो. शब्द किती बरोबर हाय बघा.

गाईचं थोडं वेगळं. तिच्यात गर्भाचा निरोप 15 ते 17 व्या दिवशी जातो, तो इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनातून. निरोप पोचला नाही तर गाय 21 व्या दिवशी माजावर येते. पोचला, तर गर्भ विसाव्या दिवसाच्या आसपास चिकटायला लागतो. पुढं जार ठरावीक गाठींवर धरतो. गाय व्याल्यावर जारावर 70 ते 120 बटणं दिसतात ती हीच. डुकरिणीत बटणं नसतात, जार सगळ्या अस्तरावर पसरून धरतो.

मी वही परत बघितली. 23 मेपासून पंधरावा दिवस म्हणजे 7 जून. मृगाची पेरणी. त्या गडबडीत मी गाय दूरच्या रानात, बिनसावलीची, नुसत्या कडब्यावर ठेवली होती. त्यानंच गाभ गेला असं पुतण्या ठामपणे म्हणाला नाही. पण मला माझी चूक दिसली.

पुढच्या माजाला, 17 जुलैला, आधी डॉक्टरांकडून पिशवी तपासून घेतली. सकाळी माज दिसला, संध्याकाळी भरवली. नंतर महिनाभर सावली, भरपूर पाणी, रोज खनिज मिश्रण. चारा एकदम बदलला नाही, कुठं चालवत नेली नाही.

काल 65 व्या दिवशी डॉक्टरांनी हात घालून बघितलं. गाभण हाय. सगळं नीट झालं तर एप्रिलच्या शेवटी व्याईल.

गाय उलटली तर विकायच्या आधी तारखा बघा. 21 ला आली का उशिरा, तेवढं लिहिलेलं असलं तरी डॉक्टरला लई कळतं. मी वही लिहिली नसती तर तिला वांझ ठरवून मोकळा झालो असतो.

तुमच्याकडं किती दिवसांनी उलटतात, लिहा.