धक्क्याला माणसं होती तेव्हा

गाडीची बॅटरी कधी बदलावी, हा प्रश्न माझ्या लहानपणी आमच्याकडे कुणाला पडत नसे. कारण बॅटरी सहसा बदलत नसत, दुरुस्त करत. बाबा चंद्रपूरला पाटबंधारे खात्यात होते. आसोलामेंढ्याच्या कालव्यांवर फिरण्यासाठी त्यांना खात्याची पेट्रोल जीप होती. तिची बॅटरी म्हणजे काळ्या कडक रबराचं खोकं, वर डांबराचा थर आणि त्यातून डोकं काढलेली सहा बुचं. सहा बुचांखाली सहा सेल, प्रत्येकाचे साधारण दोन व्होल्ट, मिळून बारा. एखादा सेल गेला की बॅटरीवाला डांबर तापवून खरवडून काढायचा, त्या एका कप्प्यातल्या प्लेटा उचलून नव्या बसवायचा, मधले पडदे बदलायचा आणि पुन्हा डांबर ओतून मोकळा व्हायचा. शाळेतून येताना मी त्याच्या दुकानासमोर थांबत असे. रबरी फुगा दाबून तो काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढायचा, आत तरंगणारी कांडी कितपत वर राहते ते उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, ‘ग्रॅव्हिटी बाराशे पन्नास.’ म्हणजे अ‍ॅसिड पाण्यापेक्षा सव्वापट जड, म्हणजे बॅटरी भरलेली. अकराशेच्या घरात आकडा आला की तो मान हलवून ती चार्जिंगच्या रांगेत ठेवायचा.

जीपची बॅटरी सांभाळणं हे ड्रायव्हरकाकांचं सकाळचं काम. बुचं उघडून पाण्याची पातळी पाहायची, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. टर्मिनलवर फुललेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुवायची, वर ग्रीस लावायचं. एवढं करूनही बॅटरी उतरली तर बंपरच्या भोकातून हँडल घालून इंजिन फिरवायचं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीला वळसा घालायचा नाही, हे काकांनी मला शिकवलं होतं. इंजिन उलट फिरलं तर हँडल झटका देतं आणि वळसा घातलेला अंगठा मोडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर 1912 साली कॅडिलॅक गाडीत आला तो याच हँडलला पर्याय म्हणून. शिशाची बॅटरी त्याच्याही बरीच आधीची आहे. फ्रान्सच्या गास्तोँ प्लांते यांनी ती 1859 साली बनवली. म्हणजे मोटारीला बॅटरी सापडली ती तयार, जवळजवळ अर्धशतक जुनी.

हँडलनेही काम झालं नाही तर धक्का. कालव्यावर कुदळ-फावडी घेतलेली माणसं असायची. ‘साहेबांची गाडी बसली’ म्हणत चार-सहा जण यायचे, जीप ढकलायचे, काका दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचे आणि इंजिन धडधडू लागायचं. त्यामुळे बॅटरी अगदी शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची, हा बाबांचा नियम होता आणि तो त्या दिवसांत शहाणपणाचाच होता. सरकारी पैसा तर वाचायचाच, शिवाय वस्तू पुरती न वापरता टाकायची नाही, हे त्यांच्या पिढीच्या हाडात होतं.

जीपमधून उतरलेली बॅटरीसुद्धा लगेच भंगारात जात नसे. खेड्यांत वीज अजून सगळीकडे पोचली नव्हती. जिने जीपचं इंजिन फिरत नव्हतं, तीच बॅटरी भजनी मंडळाचा भोंगा रात्रभर वाजवायची. मला याचं फार आश्चर्य वाटे. पुढे पदवीला पदार्थविज्ञान घेतल्यावर त्याचं उत्तर मिळालं. गाडीच्या दोन्ही हेडलाइटना मिळून दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला क्षणभर का होईना, शंभर-दीडशे लागतो. म्हातारा माणूस दिवसभर बसून धान्य निवडू शकतो, पण पोतं उचलू शकत नाही, तसं बॅटरीचं होतं. म्हणूनच आजही कुणी ‘दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ असं म्हटलं की मी त्यांना थांबवते. दिवे लागणं ही बॅटरीची परीक्षाच नव्हे.

लग्नानंतर आम्ही नाशिकला आलो आणि काही वर्षांनी बाबांनी त्यांची फियाट आम्हाला दिली. ती प्रीमियर पद्मिनी चंद्रपूरचे कित्येक उन्हाळे पत्र्याच्या शेडखाली काढून आली होती. पहिला हिवाळा आला. निफाडच्या कुंदेवाडीतल्या गहू संशोधन केंद्रावरचं तापमान पेपरात पहिल्या पानावर छापून येतं, तो नाशिकचा हिवाळा. सकाळी फियाट सेल्फ घेईना. गॅरेजवाला म्हणाला, ‘ताई, थंडीने बॅटरी मारली.’ तेव्हा सगळे हेच म्हणत आणि अजूनही म्हणतात. पण बॅटरीला मारते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस-शेहेचाळीस अंश असतात आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या धगीत बॅटरीतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या आतून गंजतात. मात्र गरम इंजिन, पातळ झालेलं ऑइल आणि जोमात चालणारी रासायनिक क्रिया यांमुळे हे दुखणं उन्हाळाभर झाकलं जातं. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, बॅटरीची ताकद मात्र थंडीने कमी झालेली असते, आणि मे महिन्यातला घाव तेव्हा दिसतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या बॅटरीला पुण्या-नाशिकच्या बॅटरीइतकं आयुष्य का मिळत नाही, याचं कारण हेच. नव्या बॅटरीवर वॉरंटीचे महिने छापलेले असतात, पण ते बल्लारपूरला आणि महाबळेश्वरला सारखेच छापलेले असतात.

त्या हिवाळ्यात आमची फियाट उतारावर उभी राहू लागली. नाशिकच्या त्या कॉलनीत उतारावरची जागा जवळजवळ ठरलेल्या गाड्यांची असे; गाडी कुठे उभी आहे यावरून कुणाची बॅटरी शेवटाला आली ते सगळ्यांना कळे. सकाळी शेजारचे काका मफलर गुंडाळून बाहेर यायचे, दूध आणायला निघालेली मुलं सायकली टेकवायची आणि गाडी ढकलायची. कुणाला बोलवावं लागत नसे. संक्रांत होईपर्यंत ती बॅटरी अशी चालली. मग प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर इतका कडक झाला की रात्रभर चार्जिंगला लावूनही ती काही घेईना. बॅटरी वापरताना दोन्ही प्लेटांवर हे सल्फेट जमतंच आणि चार्ज करताना परत विरघळतं. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर त्याचे खडे बनतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत.

पुढे मारुती आली. नंतरच्या गाड्यांत सीलबंद, पाणी न मागणारी बॅटरी आली. बुचं गेली, डिस्टिल्ड वॉटरची बाटली गेली, ग्रॅव्हिटी बघणारा बॅटरीवालाही हळूहळू गेला. सोय झाली हे खरंच. पण त्याबरोबर बॅटरीचं बोलणं बंद झालं. जुनी बॅटरी महिना-दोन महिने आधी कुरकुरायची. सेल्फ जड फिरायचा, हॉर्न बसका व्हायचा, इंजिन हळू असलं की दिवे पिवळे पडायचे. आताच्या गाडीत इंधन अचूक फवारलं जातं, इंजिन एक-दोन फेऱ्यांत पेटतं, स्टार्टर हलका असतो. दुबळी झालेली बॅटरीसुद्धा तेवढं काम शेवटपर्यंत निभावून नेते. मग एका सकाळी नुसता टिक-टिक आवाज येतो, आणि काल रात्रीपर्यंत तर गाडी एकदम छान होती असं आपण सगळ्यांना सांगत राहतो. झाकणावरचा छोटा हिरवा डोळा पाहून निश्चिंत राहणारे पुष्कळ आहेत. तो डोळा सहापैकी एकाच सेलची अवस्था सांगतो, उरलेल्या पाचांची नाही.

टाळेबंदीत हे सगळ्यांना एकदम कळलं. मार्च 2020 मध्ये गाड्या जिथे होत्या तिथे थांबल्या. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कुलपाचा रिसीव्हर थोडी थोडी वीज खात असतात. पन्नास मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला ते सव्वा अँपिअर-तास होतात आणि लहान गाडीची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात कोरडी पडते. आमच्या इमारतीखाली मे महिन्यात गाड्यांची रांगच्या रांग निपचित होती.

तोवर आमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आली होती आणि सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीनदा, पहाटे. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि बॅटरीचा प्रश्न मला पहिल्यांदा नीट समजला. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. कितीही माणसं आली तरी नाही. आणि माणसंही आता कुठे आहेत? पहाटे साडेपाचला बेसमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर मी, व्हीलचेअर आणि सासूबाई. त्यांना मी कधीही ‘जरा थांबा आई, गाडी चालू होत नाही’ असं सांगणार नव्हते. आमची बॅटरी तेव्हा चौथ्या वर्षात होती आणि व्यवस्थित चालत होती. मी ती बदलली. बाबा तेव्हा हयात असते तर चालती वस्तू बदलल्याचं त्यांना वाईट वाटलं असतं. पण त्यांच्या जीपमागे कालव्यावरची माणसं होती, हे मी त्यांना सांगितलं असतं आणि मला खात्री आहे, त्यांना ते पटलं असतं.

माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे. बॅटरीचं वय पाहायचंच, पण त्याआधी गाडीत कोण बसतं, ती कुठे आणि कोणत्या वेळी उभी असते, ती अडली तर मदतीला कोण येईल, हे पाहायचं. शहरातल्या शहरात दुपारी फिरणाऱ्या, एकट्या तरुण माणसाच्या गाडीत पाचव्या वर्षातली बॅटरी राहू दे. गरोदर सून, आजारी वडील, रात्रपाळीची नर्स, घाटातला रोजचा प्रवास यांतलं काही असेल तर तीन वर्षं झाली की दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आणि पहिल्या शंकेला बदलायची. चार-पाच हजार रुपये त्यापुढे मोठे नाहीत. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांची बॅटरी महाग असते, तिथे हिशेब अवघड होतो हे मला मान्य आहे, तरी उत्तर बदलत नाही. विजेवरच्या गाडीवाल्यांनीही हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. त्यांच्याही गाडीत एक बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पण शंका म्हणजे तपासून आलेली शंका. मागे एका दुकानात आमच्या गाडीची बॅटरी न मोजताच ‘गेली’ असं सांगितलं गेलं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून फक्त अर्थची पट्टी सैल झालेली दाखवली, घासून घट्ट केली आणि ती बॅटरी पुढे चांगली दोन वर्षं चालली. साधा मल्टिमीटर घरात ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना दुसऱ्याला काटा बघायला सांगावं, 9.6च्या खाली गेला तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असू शकतो, नवी बॅटरी घालून तो जाणार नाही. खात्री दुकानातल्या लोड टेस्टने होते, दहा मिनिटांचं काम आहे. नवी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना पाहून घ्यावा, कारण फळीवर पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होत असते.

जुनी बॅटरी मात्र दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका, चार पैसे जास्त मिळाले तरी. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतं. ते पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं, पण उघड्यावर वितळवलं की अ‍ॅसिड नाल्यात जातं आणि शिशाची धूळ-धूर जवळच्या वस्तीतल्या मुलांच्या अंगात जाऊन त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतो. 2022च्या नियमांनी बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि जुनी दिली की नवीवर दुकानदार पैसेही कमी करतो. तेव्हा जुनी बॅटरी अधिकृत दुकानातच द्या आणि बिलावर तिची नोंद करून घ्या.