पाटीच्या मागोमाग

मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पुन्हा समोर येतो तेव्हा पायांत फारसं काही उरलेलं नसतं. जानेवारीतल्या त्या रविवारी भलेभले तिथे चालायला लागतात. मूळचा आचऱ्याचा आणि आता कांदिवलीत स्थिरावलेला एक पन्नाशीचा गृहस्थही त्यांतलाच. सपाट रस्ता, मनगटावरचं घड्याळ आणि किलोमीटरमागची मिनिटं, एवढ्यावर त्याचं धावणं चाले. चढ त्याला हिशेब बिघडवणारा वाटायचा.

यंदा डिसेंबरात जमिनीच्या कागदांपायी गावचा मुक्काम लांबला आणि सराव तिथेच करणं भाग पडलं.

आचऱ्यात धावायचं म्हटलं की कुणीही पिरावाडीच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतं. ओली, कडक वाळू, वर नारळ. फोटोही छान येतात. बाहेरचे लोक रामेश्वराचं विचारतात, गावपळणीचं विचारतात. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस नि तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो, हे त्याला इतक्या वेळा सांगावं लागलंय की आता तो दोन वाक्यांत उरकतो. पहिल्याच पहाटे तो किनाऱ्याकडे पाठ करून निघाला. मतलई वारा अंगावर येत होता, पारा विशीच्या आसपास. गडग्यांमधल्या पाणंदीतून वर घाटी लागते, आणि घाटी संपली की सडा: काळवंडलेला कातळ, वाळलेलं गवत, मोहरू लागलेल्या काजी.

घाटीच्या अर्ध्यात त्याला धाप लागली, आणि काकी आठवली.

ती कुणाची सख्खी काकी नव्हती. रापणीचे मासे घेऊन बंदराकडून यायची नि वरच्या वाड्यांत विकायची. थंडीत बहुतेक बांगडे, नाहीतर तारली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीतून गळणारं पाणी खांद्यावरून कोपरापर्यंत ओघळत आलेलं. शाळेला सुट्टी असली की आई त्याला वरच्या घरी आजीकडे काहीबाही पोचवायला धाडायची, आणि घाटीच्या पायथ्याशी तो काकीला गाठायचा. गाठायचा म्हणजे तिथवरच. पुढे ती चढू लागली की हा मागे.

काकी धावत नव्हती, पण तिला चालणंही म्हणता आलं नसतं. पावलं वीतभराची, गुडघे किंचित वाकलेले, कंबर स्थिर. चढावर ती कधीच थांबत नसे. त्यामागे शौर्य वगैरे काही नव्हतं. पाटी एकदा खाली उतरवली की परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं, आणि मासे ऊन व्हायच्या आत खपावे लागतात. हा मागून माथ्याकडे बघत किती उरलं ते मोजायचा. तिला न बघताच ते कळायचं. "वर खंय बगतस रे? पायाकडे बग!" माथ्यावर छातीएवढा चिऱ्यांचा चौथरा होता, ओझं टेकण्यासाठीच बांधलेला. तिथे पाटी सरकवून ती पदराने मान पुसायची, आणि मग पाच मिनिटं गावातल्या यच्चयावत माणसांचा उद्धार करायची. त्याच्या वडिलांचाही. उधारी थकलेली असायची.

लिडियार्ड हे नाव त्याच्या कानावर आलं ते पुढे, मुंबईत. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा धावण्याचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या पोरांना दर रविवारी डोंगराळ वाटेने बावीस मैल पळवायचा. त्यांत पीटर स्नेलही होता, आणि त्याची शर्यत होती अवघी आठशे मीटरची. त्यापुढचे काही आठवडे नुसते चढ, उंच गुडघ्यांनी उसळ्या मारत. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये स्नेल आणि पाच हजार मीटरवाला मरे हॅलबर्ग यांनी तासाभराच्या आत एकेक सुवर्णपदक घेतलं, आणि जगभरचे प्रशिक्षक टेकड्या शोधू लागले. आपल्याकडे नाशिकच्या डोंगरातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी लांबून पाणी वाहून आणायची, अनवाणी पळायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं. तिच्याबद्दल वाचताना त्याला हटकून ती गळणारी पाटी दिसते. काकीला कुणी पदक दिलं नाही, हे म्हणणं जरा भाबडं आहे. तिला उधारी वेळेवर मिळाली असती तरी पुरे होतं.

तर त्याने पावलं वीतभर केली. नजर माथ्यावरून काढून चार हातांवर आणली. घड्याळाने दाखवलेला वेग कांदिवलीच्या मित्रांना सांगण्याजोगा नव्हता, पण तो न थांबता वर पोचला. खरी परीक्षा उतरताना झाली. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच सगळं वजन पेलतात, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतं. ओटीची पायरी उतरताना तो भिंत धरायचा आणि घरातली मंडळी हसायची. चौथ्या दिवशी मात्र तो अंधारातच घाटीखाली उभा होता. आज पळायचंच, असं स्वतःला बजावावं लागलं नव्हतं. मुंबईत असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

माथ्यावर तो चौथरा नाही. सड्याचा तो तुकडा चुलतभावाने कुणाला तरी विकला, तिथे प्लॉट पडले, चौथऱ्याचे चिरे फाटकाच्या खांबांत गेले. त्याला विचारलं गेलं नव्हतं. कागदावर तशी गरजही नव्हती म्हणे. तारेच्या कुंपणामुळे जुनी वाट बंद झाली. आता काजींच्या कडेने वळसा घालून आणखी एक उभा टप्पा चढावा लागतो, आणि सरावाला तोच सगळ्यांत उत्तम आहे. चुलतभाऊ परवा बाजारात भेटला, "काय, पळापळ जोरात चाललीय," म्हणाला. टप्प्याबद्दल त्याचे आभार मानण्याइतका मोठेपणा अजून अंगात आलेला नाही.