दाताखालचा सूर

वरचा पुढचा दात काढून कवळी बसवली तेव्हा डॉक्टरांनी पथ्य सांगितलं ते शेंगदाण्याचं. सॅक्सोफोनचं त्यांना काय विचारणार? वाजवणाऱ्याला ठाऊक असतं, माउथपीसवर टेकलेला दात हाच आपला खरा मॉनिटर. रीडचा कंप त्यातून कवटीत शिरतो आणि कितीही गलका असला तरी आपला सूर आतून ऐकू येतो. कवळी तो कंप मधल्यामध्ये गिळते.

मी वाढलो कळवणच्या बँडात. वरातीत एकच कसब, ताशाच्या वर जाणं. तिथे कवळीनेही निभावलं असतं. पण माझं पोट चालतं जेवणाच्या हॉलवर, आधी मुंबईत, आता नाशकात. एका अंगाला बार, मध्ये टेबलं, कोपऱ्यात आम्ही. टेबलावरच्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यावं आणि तरी आमचा सूर वाया जाऊ नये. सगळं अडतं खालच्या बी फ्लॅटवर. जबडा सैल, ओठ नुसता टेकलेला, हवा भरपूर, हाच सबटोन. जरा घट्ट झालं की तो सूर रेड्यासारखा हंबरतो.

नेमका तेव्हाच बारवाला शेकर हाणायला घेतो. पूर्वी दाताच्या भरवशावर मी हळूच राहायचो. आता स्वतःला ऐकू येत नाही म्हणून फुंक वाढते, फुंक वाढली की टेबलं मोठ्याने बोलतात, मग मी आणखी फुंकतो. माउथपीसवरचा रबरी पॅच काढला, रीड अडीच नंबरवरून मऊ, दोन नंबरवर आणली. बाजूच्या शाबूत दातावर माउथपीस सरकवला तर कंप आला, पण ओठाच्या कोपऱ्यातून हवा गळायला लागली. आमच्या भागातला पावरी फुंकणारा एक म्हातारा पाहिलाय, तोंडाचं बोळकं आणि सूर अखंड. त्याचा राग येतो.

शेकरशिवायचे हॉलही मुंबईने पाहिलेत. १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावरही चर्चगेटच्या हॉटेलांतला जॅझ थांबला नव्हता. बँड होता, जेवण होतं आणि उघड्यावर शेकर हलत नव्हता! लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ या क्लबने २००७ साली बसायचे गोल कप्पे चढत्या उंचीवर मांडले, म्हणजे जेवणाऱ्याची नजर मंचावरच. तो क्लब २०१६ मध्ये बंद झाला. आता ‘लाइव्ह म्युझिक’चा फलक लावून रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणारा पोरगा उभा करतात. ट्रॅक कधी हॉलकडे बघून हळू होत नाही. हे मत मत्सराचं आहे, कारण फर्माइशी त्यालाच जास्त येतात.

खरं म्हणजे मला चमचे थांबलेले आवडतात. मालकाला नाही, कारण चमचे थांबले की ऑर्डर थांबते. एकदा माझ्या सबटोनवर अख्खा हॉल गप्प झाला होता, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. तेव्हा वीज गेली होती, एवढं गाळतो.

अशा ठिकाणी जेवायला गेलात तर स्पीकरसमोरचं टेबल घेऊ नका. आणि बारवाल्याला सांगा, शेकर दोन गाण्यांच्या मध्ये हलव. आमचं तो ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकतो.