रसेल स्ट्रीटवरचा जुना पियानो

कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरून रसेल स्ट्रीटला वळलं की १९४० साली सुरू झालेलं ‘रसेल एक्स्चेंज’ हे लिलावघर लागतं. १९४७ नंतर इंग्रज मायदेशी परतले, तसं त्यांच्या बंगल्यांतलं सामान इथं लिलावात निघालं. झुंबरं, आरसे, कपाटं आणि मधूनच एखादा उभा पियानो! नवा पियानो परवडत नाही आणि लेकीला तर शिकायचंय, अशा आईवडिलांची पावलं मग जुन्या बाजाराकडे वळतात.

भुलायचं नाही ते पॉलिशला. झाकण उघडून आत पाहावं. सव्वादोनशेच्या आसपास तारा ज्या पोलादी खुंट्यांवर ताणलेल्या असतात, त्या लाकडात घट्ट आहेत ना? दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, खुंट्या ढिल्या पडतात. मग सूर लावला तरी टिकत नाही. स्वस्तातला पियानो म्हणजे नुसतं शोभेचं कपाट. कसर हातोड्यांचा नमदा खाते, ते वेगळंच. पट्ट्या ८८ ऐवजी ८५ असल्या तरी शिकणाऱ्याचं अडत नाही. सूर लावणारा कारागीर मात्र सोबत हवाच, त्याचे पैसे वाचवू नयेत.

हमाली आधीच ठरवावी. दोनशे किलोंचं धूड जिन्यावरून न्यायचं असतं. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला हवेशी जुळू द्यावं, सूर त्यानंतर लावून घ्यावा.