ठाणे ते कल्याण : बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्यास येऊन थांबली. पुढच्या वर्षी मे महिन्यात हाच लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. त्या काळी ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण, कल्याण हे उल्हास खाडीकाठचे जुने बंदर आणि डोंबिवली हे भातशेतीतले लहानसे गाव होते. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत अठरा लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत सुमारे साडेबारा लाख माणसे मोजली गेली. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतून निघालेली कितीतरी मराठी घरे या मार्गाने पूर्वीच येऊन स्थिरावली. आता सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजीकडील जैन घरांतही याच तीन नावांची चर्चा ऐकू येते.

कारण बहुधा एकच असते. मुलगा आणि सून दोघेही मुंबईत नोकरीला, नातवंडे शाळेच्या वयाची, आणि गावाकडच्या मोठ्या घरात आईवडील दोघेच. सर्वांनी एकत्र राहावे असे सर्वांनाच वाटते; परंतु तीन पिढ्या मावतील एवढी जागा मुंबईत परवडत नाही. मग कागदावर हिशेब मांडला जातो : ठाण्यात दोन खोल्यांच्या किमतीत डोंबिवलीत तीन, आणि कल्याणच्या पलीकडे गेल्यास गच्चीसुद्धा. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. घरातले कोण किती वाजता बाहेर पडणार आणि किती वाजता परतणार, हा प्रश्न चौरस फुटांच्या आधी विचारावयास हवा. दूरच्या घरातील वाढीव खोलीचे मोल हप्त्यांत फेडले जाते तसेच ते दररोजच्या दोन-तीन तासांतही फेडले जाते, आणि हे दुसरे फेडणे बहुतेक वेळा कमावत्याच्या वाट्याला येते.

जैन घरात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, ती सूर्यास्ताची. मुंबईच्या परिसरात जूनअखेरीस सूर्य सायंकाळी सव्वासातनंतर मावळतो, तर नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारासच अंधारू लागते. दक्षिण मुंबईतील कचेरी सहाला सुटली, तर डोंबिवलीचा माणूस घरी पोहोचेपर्यंत साडेसात-आठ होतात. म्हणजे सूर्यास्तापूर्वी घरी जेवण हे उन्हाळ्यातही अवघड आणि हिवाळ्यात अशक्य. यावर मुंबईतील जैन नोकरदारांनी वाट शोधली आहे ती दोन डब्यांची : एक दुपारचा आणि एक साडेपाचला कचेरीतच उघडावयाचा. नियम पाळला जातो, पण संध्याकाळची पंगत मोडते. गावाकडे पाच-साडेपाचला आजोबांपासून नातवंडापर्यंत सारे एका रांगेत बसत असतील, तर बिऱ्हाड एकत्र आणूनही ती रांग आठवड्यातून एखाद्याच दिवशी भरणार, हे आधीच माहीत असलेले बरे. एकत्र राहण्यासाठीच तर हा सारा खटाटोप चाललेला असतो.

ठाण्याचा पहिला लाभ येथेच दिसतो. हे शहर निव्वळ मुंबईला जाणाऱ्यांचे निवासस्थान नाही. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर त्याची पहिली औद्योगिक वसाहत येथेच, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली; तेथील अनेक कारखान्यांच्या जागी आता कचेऱ्यांच्या इमारती आहेत. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे स्वतंत्र लोकलमार्ग जातो, त्यामुळे ऐरोली, घणसोली, तुर्भे येथील नोकरीही आवाक्यात राहते. मुलाची नोकरी वागळे इस्टेटला आणि सुनेची ऐरोलीला असेल, तर ठाण्याचे महाग घर प्रत्यक्षात तितके महाग ठरत नाही.

मात्र ठाणे म्हणून जे दाखविले जाते ते एकच ठाणे नव्हे. मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचे मंदिर, जांभळी नाका, नौपाडा हे स्थानकाजवळचे जुने शहर. येथे वृद्ध माणूस पायी बाजारात जाऊन परत येऊ शकतो. १८९३मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि गडकरी रंगायतन याच भागात आहेत. नवी, उंच, बागांनी सजविलेली संकुले आहेत ती घोडबंदर रस्त्यावर, माजिवड्यापासून कासारवडवलीच्या पुढेपर्यंत. मागे येऊरचा हिरवा डोंगर, समोर अवजड वाहनांचा रस्ता. घराची जाहिरात ‘ठाण्यात’ म्हणते. पण गर्दीच्या वेळी तेथून ठाणे स्थानक गाठावयास जो वेळ लागतो, तेवढ्यात डोंबिवलीचा प्रवासी अर्ध्या वाटेवर आलेला असतो. मेट्रो येणार म्हणून घर घेणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, जी गाडी आज धावत आहे तिच्याच भरवशावर वेळापत्रक आखावे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झाले, त्या वेळी पहिलीत असलेली मुले आता माध्यमिक शाळेत आहेत.

धर्माच्या दृष्टीने ठाण्याचे नाव जैनांस नवे नाही. श्वेतांबर परंपरेतील श्रीपाल-चरित्रात धवल शेठाने समुद्रात ढकललेला श्रीपाल नवपदांच्या प्रभावाने तरून कोकणातील ठाण्याच्या किनाऱ्यास लागतो; सिद्धचक्र विधानामुळे श्रीपाल-मैनासुंदरीची कथा दिगंबर घरांतही घरचीच आहे. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरास ‘कोकण शत्रुंजय’ म्हणतात, ते या संबंधामुळे. परंतु दक्षिण महाराष्ट्रातून येणाऱ्या वृद्धांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट हळूहळू येते. या पट्ट्यातील जैन समाज मुख्यत्वे गुजराती, कच्छी आणि मारवाडी. मंदिरातील बोलणे, पाठशाळेतील शिकवण, स्वामीवात्सल्याची निमंत्रणे हे बहुधा गुजरातीत किंवा हिंदीत. आदरातिथ्यात कमतरता नसते. पण गावच्या बस्तीत दर्शनानंतर पायरीवर बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारणारी आजी येथे काही महिने तरी गप्प असते. घर पाहताना मंदिर किती मिनिटांवर आहे हे विचारले जाते, तेथे आजीला बोलावयास कोण भेटेल हे कोणी विचारत नाही.

ठाणे सोडून पुढे निघाले की कळवा, मुंब्रा, दिवा ही स्थानके लागतात. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी. दिसावयास हा मार्ग सुंदर आहे. मात्र सकाळी आठला दाराशी उभ्या असलेल्यास त्यातले काही दिसत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. त्या बातमीनंतर कित्येक घरांत ठाण्याच्या पलीकडचे बेत थांबले. भीती रास्त होती, पण भीतीने निर्णय करण्यापेक्षा एखाद्या सोमवारी सकाळी त्याच गाडीने, त्याच वेळी, मुलाबरोबर सुनेनेही प्रवास करून पाहणे अधिक उपयोगाचे. घर रविवारी दुपारी पाहिले जाते. त्या वेळी डोंबिवलीची लोकल जवळजवळ रिकामी असते.

डोंबिवलीची गोष्ट येथून निराळी होते. मुंबईपासून सुमारे ४८ किलोमीटरवरील या गावाने आपला मराठी मध्यमवर्गीय स्वभाव वाढत्या गर्दीतही बराच टिकवून धरला आहे. गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने येथे सुरू झालेली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा पुढे महाराष्ट्रभर पसरली. शं. ना. नवरे येथलेच. फेब्रुवारी २०१७मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर उभे राहावयास जागा नसते. मराठी बोलणाऱ्या आजी-आजोबांना शेजार मिळावा, नातवंडांनी मराठी विसरू नये, असे ज्यांना वाटते त्यांना डोंबिवली जवळची वाटते. कच्छी आणि मारवाडी जैनांची वस्तीही येथे मोठी आहे, त्यामुळे पर्युषणाचे दिवस ओकेबोके जात नाहीत आणि कांदा-लसणाविना पदार्थ मागितल्यास दुकानदार चकित होत नाही.

या शहराचे दुखणे दोन ठिकाणी आहे. एक, गाडीत चढणे. येथील जुने प्रवासी बसावयास जागा मिळावी म्हणून आधी उलट कल्याणला जातात आणि तेथून मुंबईकडे निघतात. एवढी साधी गोष्ट नवख्यास परिस्थितीची कल्पना देण्यास पुरेशी आहे. दुसरे, औद्योगिक वसाहत. डोंबिवली पूर्वेला रासायनिक कारखाने आणि राहती घरे एकमेकांच्या फार जवळ आली आहेत. मे २०१६मध्ये आणि पुन्हा मे २०२४मध्ये तेथील कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे दगावली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. दम्याचा विकार असलेले कोणी घरात असल्यास त्या भागात एक रात्र राहून हवा कशी आहे ते स्वतः अनुभवावे. खाडीच्या बाजूने मोटागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेहून रस्त्याने ठाण्याकडे जाणे सोपे झाले, हा अलीकडचा मोठा दिलासा.

कल्याणचे वय या दोन्हींहून जास्त जाणवते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापारी दात्यांचे उल्लेख आहेत. दुर्गाडी किल्ला शिवकाळाची आठवण सांगतो. सार्वजनिक वाचनालय १८६४पासूनचे आहे. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. कोल्हापूर-सांगलीकडून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस येथे थांबते, म्हणून गावाशी येणे-जाणे ठेवू इच्छिणाऱ्या वृद्धांना कल्याण सोयीचे पडते. ठोकळे, चटण्या आणि शेतातल्या गव्हाची पोती घेऊन लोकल पकडावी लागत नाही. कसारा मार्गावर आसनगाव-शहापूरजवळ मानस मंदिर हे तीर्थ आहे, सकाळी जाऊन दुपारी परतण्याजोगे. परंतु मुंबईत नोकरी असणाऱ्यास ५४ किलोमीटर म्हणजे ५४ किलोमीटरच. शिवाय उल्हास नदी शेजारी आहे. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत कल्याणच्या सखल भागांनी जे पाहिले ते तेथील जुने रहिवासी अजून विसरलेले नाहीत. इमारत दाखविणाऱ्यास नव्हे, तळमजल्यावरील किराणा दुकानदारास विचारावे की त्या साली पाणी कुठपर्यंत चढले होते.

राहिला कागदपत्रांचा भाग. तो कंटाळवाणा असला तरी येथे हयगय परवडत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. अलीकडे डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींच्या बाबतीत, बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी कर्ज काढले होते, मुद्रांक शुल्क भरले होते, बँकांनी पैसे दिले होते. म्हणून महारेराचा क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नये. बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः ताडून पाहावी, भोगवटा प्रमाणपत्र मागावे, आणि ‘नंतर मिळेल’ असे उत्तर आल्यास त्या घरातून बाहेर पडावे. ओळखीच्या समाजबांधवाने सुचविलेली जागा असली तरी हेच करावे. भिडेपोटी न विचारलेला प्रश्न पुढे वीस वर्षे हप्त्यांबरोबर फेडावा लागतो.

जाणत्या घरांत यावर एक रीत रुळत आहे. गावचे घर विकावयाचे नाही, येथे लगेच विकत घ्यावयाचे नाही. प्रथम भाड्याने राहावयाचे, आणि तेही आईवडिलांना बरोबर आणून, एकट्या मुलाने नव्हे. भाडेकरार साधारणतः अकरा महिन्यांचा असतो. तो मे महिन्यात केला तर पावसाळा, चातुर्मास आणि नोव्हेंबरातला लवकर मावळणारा सूर्य हे तिन्ही त्यात येऊन जातात. जूनमध्ये नातवंडांची शाळा सुरू होते, जुलैत लोकल एकदोनदा ठप्प होते, ऑगस्ट-सप्टेंबरात आजीला मंदिरात कोणी नावाने हाक मारते की नाही ते कळते. आजोबांचे तर पहिल्या पंधरवड्यातच कळते. सकाळी सातला ते फिरावयास निघाले आणि नऊपर्यंत परतले नाहीत, तर त्यांना कोणीतरी भेटलेले असते.