चिकट रबर आणि वीस चेंडू

मुलांनो, एक गंमत करून बघाल? टेबल टेनिसची बॅट आडवी धरा. तिच्यावर चेंडू ठेवा, बोटाने हलकेच दाबा आणि बॅट सावकाश उलटी करा. बहुतेक बॅटींवरून चेंडू टप्पकन खाली पडेल. पण काही बॅटींना तो वटवाघळासारखा लटकून राहतो! एक... दोन... तीन... आणि मग पडतो. चेंडूचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम आणि बॅटवरचं रबर चिकट, म्हणून ही जादू होते.

ही जादू पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीसुद्धा भुलले होते. आणि माझ्या त्या भुलण्यापायी एका मुलीने दोन महिने स्वतःलाच दोष दिला. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबल टेनिसचं एक टेबल आहे. डी.एड.च्या वसतिगृहात मला या खेळाचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. शाळा सुटली की मी तासभर तिथे जाते. चौथीपर्यंत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी, आता ती सातवीत आहे, तीही रोज येते. वडील रिक्षा चालवतात. मुलगी अंगाने किरकोळ, पण पाय असे चपळ की चेंडू कुठेही टाका, ही तिथे हजर! तिचा फोरहँड सगळ्यांना आवडायचा.

एक दिवस तिच्या बॅटचं रबर झिजून गुळगुळीत झालं. वडील मला म्हणाले, "बाई, कोणतं घ्यायचं? तुम्ही सांगाल ते घेऊ."

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "हरिकेन ३ घ्या. चीनचा मा लाँग फोरहँडला तेच वापरतो. २०१६ साली रिओला आणि २०२१ साली टोकियोला, दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीचं सुवर्णपदक मिळवलंय!"

दोन-तीन दिवसांची कमाई घालून त्यांनी ते आणलं. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या मुलीचे चेंडू एकामागून एक जाळ्यात जाऊ लागले.

मला वाटलं, सवय होईल. आठवडा गेला, महिना गेला, दुसराही गेला. एका संध्याकाळी ती बॅट पिशवीत भरता भरता हळूच म्हणाली, "बाई, माझा हातच गेला बहुतेक. मी उद्यापासून नाही येत."

मुलांनो, ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. सल्ला माझा, पैसे वडिलांचे, आणि चूक मात्र ती स्वतःची समजत होती! तिला म्हटलं, "अगं, हात गेला की रबर चुकलं, ते आधी तपासू तरी. मग ठरव."

तपासायचं कसं? त्याआधी बॅटचं पोट उघडून बघू या.

बॅटची फळी लाकडाची. तिच्यावर स्पंज आणि स्पंजावर रबराचं पातळ कातडं. सँडविचच म्हणा ना! गोंदासकट या सँडविचची जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे. पूर्वी स्पंज नव्हताच. बारीक दाण्यांचं रबर लाकडावर चिकटवत आणि खेळताना टक-टक असा आवाज येई. १९५२ साली जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत भरली. तिथे जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिचा आवाजच होईना! चेंडू कधी सुटला, किती जोरात आला, भल्याभल्यांना कळेना. सातो जगज्जेता झाला. स्पंजाची ताकद जगाला कळली ती अशी आपल्या मुंबईत.

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. कातडं चिकट आहे की नाही, ही एक. खालचा स्पंज कडक आहे की मऊ, ही दुसरी. मी पहिलीच पाहिली होती, दुसरी साफ विसरले होते.

हरिकेन ३ चं कातडं चांगलंच चिकट असतं आणि स्पंज कडक. चिनी मोजणीत हा कडकपणा ३९, ४०, ४१ अंश असा सांगतात. युरोपातल्या कंपन्यांची मोजणी वेगळी असते, म्हणून पाकिटांवरच्या आकड्यांची तुलना करायला जाऊ नका. कडक स्पंज म्हणजे घट्ट गादी. त्यावर हळूच बसलात तर ती दबत नाही. धप्पकन बसलात तरच दबते आणि तुम्हाला वर उडवते. मा लाँगसारखा खेळाडू पाय, कंबर, खांदा, सगळं अंग वळवून फटका मारतो. मग तो स्पंज दबतो आणि चेंडू गरगर फिरत, कमान घेत पलीकडे झेपावतो. आमच्या मुलीचा फटका सुरेख, पण मनगटातून निघालेला, छोटा. तिचा चेंडू स्पंजापर्यंत पोचतच नव्हता. त्याला फिरकी मिळे, पण पुढे जायला जोर नसे. म्हणून तो जाळ्यात.

हे झालं माझं म्हणणं. खरं कशावरून? म्हणून आम्ही प्रयोग करायचं ठरवलं.

रबरं तीन. पहिलं, तिचं हरिकेन. दुसरं, चीनच्याच ७२९ घराण्यातलं, कातडं चिकट पण स्पंज मऊ. ते मी माझ्या पैशांनी आणलं. चूक माझी होती ना! तिसरं, जपानचं यासाका मार्क व्ही. हे १९६९ पासून चालत आलेलं जुनं रबर. चिकट मुळीच नाही, पण चेंडूला पकड छान देतं आणि उसळीही चांगली. वाचनालयातल्या एका दादाने जवळजवळ कोरं होतं ते आम्हाला वापरायला दिलं.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकता ना, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची? तसंच केलं. बॅट एकच, दर रविवारी तिच्यावर नवं रबर. चेंडू टाकणारी मीच. टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात खडूने एक चौकोन आखला. फोरहँडने वरची फिरकी देत वीस चेंडू मारायचे, चौकोनात पडतील तेवढेच मोजायचे आणि वहीत लिहायचे. शिवाय जाळ्याजवळ पडलेले वीस आखूड चेंडू परत करायचे. ते बुटके राहिले की उंच उडाले, तेही लिहायचं.

पहिला रविवार, हरिकेन. चौकोनात ७. आखूड चेंडू मात्र झकास! चिकट कातडं आणि कडक स्पंज यांच्यामुळे हलक्या स्पर्शाला चेंडू उसळतच नाही, जाळ्याला लगटून पलीकडे उतरतो.

दुसरा रविवार, मऊ स्पंजाचं चिकट रबर. चौकोनात १४. आखूड चेंडूंतले चार-पाच उंच उडाले, बाकी ठीक.

तिसरा रविवार, मार्क व्ही. चौकोनात १५! पण आखूड चेंडूंची दाणादाण. निम्मे उंच उडाले, समोरच्याने ठोकावेत असे. सर्व्हिसची फिरकीही तिला आधीपेक्षा कमी वाटली.

आणखी एक गंमत केली. त्या दादाला तिचंच हरिकेन देऊन वीस चेंडू मारायला लावले. पठ्ठ्या व्यायाम करणारा, फटका पायापासून निघतो. त्याचे १७ चौकोनात! म्हणजे रबरात काडीचा दोष नव्हता. आणि मुलीच्या हातातही नव्हता. त्या दोघांची जोडी तेवढी अजून जमत नव्हती.

ती वही बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, म्हणजे हात नव्हता गेला!" तो चेहरा मी विसरणार नाही.

मग कोणतं निवडलं सांगा बरं? १५ वालं? नाही! तिने १४ वालं निवडलं. म्हणाली, "एकाच चेंडूचा तर फरक आहे. माझ्या सर्व्हिसला चिकट रबर हवं, आणि आखूड चेंडूही सांभाळले पाहिजेत." सातवीतली मुलगी! माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

चिकट रबर घेतलं तर त्याची निगाही राखावी लागते. धूळ बसली की चिकटपणा संपला. खेळून झालं की स्वच्छ पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजाने हलकेच पुसा, वाळू द्या आणि वर पातळ प्लॅस्टिकचा कागद लावा. पावसाळ्यात दमट हवेने ते निसरडं होतं, तेव्हा मध्ये मध्ये कोरड्या फडक्याने टिपा. आणि कातड्यावर तेलबिल काही लावू नका. अशी लावालावी नियमात बसत नाही.

पालकांनाही एक विनंती. महागडं किंवा विजेत्याचं रबर आणण्याआधी कुणाकडून तरी उसनं घेऊन मुलाला वीस चेंडू मारू द्या. त्याचं जमत नसेल तर "लक्ष देत नाहीस" म्हणण्याआधी हातातली वस्तू एकदा तपासून बघा. मूल वस्तूला दोष देत नाही हो, ते स्वतःलाच देतं.

त्या हरिकेनचं काय झालं, विचाराल. ते आम्ही एका जुन्या फळीवर लावून ठेवलंय. दर दोन महिन्यांनी ती त्या बॅटने वीस चेंडू मारते आणि वहीत आकडा लिहिते. मध्ये दोरीवरच्या उड्या सुरू केल्या आहेत, कंबर वळवून फटका मारायला शिकते आहे. वहीतले आकडे असे आहेत: ७, ८, ८, ११.

पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचेत. चौकोन आखायला खडू मी आणणार आहे.